मेणबत्तीचा गृहोद्योग : आरंभ एक किलो मेणावर

शेतीच्या कामाची ओढ वर्षभर सारखी नसते. कोकणात आषाढातील लावणी उरकली म्हणजे भातकापणीपर्यंत, आणि देशावर खरिपाची खुरपणी संपली म्हणजे सुगी सुरू होईपर्यंत, घरातील माणसांच्या हाताला काही आठवड्यांची उसंत मिळते. या उसंतीत चार पैसे मिळवून देणारा एखादा जोडधंदा असावा, ही प्रत्येक शेतकरी कुटुंबाची इच्छा असते. मेणबत्त्या तयार करणे हा असा एक धंदा होय. त्यास जागा थोडी लागते, कच्चा माल नासत नाही आणि तयार माल थंड जागी ठेवल्यास महिनोन्महिने टिकतो.

परंतु हा धंदा सोपा दिसतो, म्हणूनच तो पुष्कळदा चुकीच्या टोकाने सुरू केला जातो. प्रथम कर्ज काढावयाचे, त्यातून साचे व यंत्र आणावयाचे, मग पोत्यांनी मेण भरावयाचे आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक शोधावयाचे, असा तो क्रम असतो. अशा वेळी हाताला सवय होण्यापूर्वीच कर्जाचे हप्ते दारात उभे राहतात. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम एक किलो मेण, मग जाळून पाहणे, मग हिशोब, मग गिऱ्हाईक, आणि या चारही गोष्टी जमल्यावर साचा. एक किलो मेणात चूक झाली तरी ते पुन्हा वितळवून वापरता येते. कर्जात झालेली चूक मात्र पुन्हा वितळविता येत नाही.

काळ बदलला, गिऱ्हाईकही बदलले

एके काळी मेणबत्ती ही उजेडाची वस्तू होती. देशातील सर्व वस्तीच्या गावांपर्यंत वीज पोचल्याचे केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केले. वीज गेली तरी आता हाताशी विजेरी असते. त्यामुळे केवळ उजेडासाठी मेणबत्ती घेणारे गिऱ्हाईक कमी झाले आहे.

दुसरा बदल संरक्षणाचा आहे. काही वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण आपल्या देशात अनेक वर्षे होते. त्या यादीत अखेरपर्यंत उरलेल्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या करण्यात आल्या. मेणबत्ती ही त्यांपैकी एक होती. म्हणजे साधी पांढरी मेणबत्ती करणाऱ्या घरगुती उत्पादकाची स्पर्धा आता थेट मोठ्या कारखान्याशी आहे. कारखाना मेण घाऊक भावाने घेतो आणि यंत्रावर माल काढतो. त्याच्याशी केवळ स्वस्ताईत टक्कर घेण्याचा प्रयत्न घरगुती उत्पादकाने करू नये.

मागणी मात्र संपलेली नाही. तिचे रूप बदलले आहे. दिवाळीत मेण भरलेल्या पणत्या खपतात. नाताळात व प्रार्थनेसाठी मेणबत्त्या लागतात. मुंबईत वांद्रे येथे माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. तेथे मेणबत्त्यांबरोबर हात, पाय, घर अशा आकाराच्या मेणाच्या वस्तू नवसासाठी वाहिल्या जातात. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो. अशा प्रसंगांचा आणि स्थानिक बाजारांचा मागोवा घेऊन जो माल करील, त्यालाच या धंद्यात वाव आहे.

प्रारंभी काय घ्यावे

एक किलो पॅराफिन मेण, पाच-सहा मीटर वात, एकात एक बसतील अशी दोन पातेली, लहान पातेल्यासाठी घट्ट बसणारे झाकण, ओतण्यासाठी चोच असलेले जुने भांडे आणि चाळीस पणत्या एवढे साहित्य पुरे होते. मेणाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत. ती जुनी असली तरी चालतील, पण वेगळी असावीत. स्वयंपाकघरातील उष्णतामापक मिळाल्यास उत्तम. रंग, सुगंध, शोभेचे साचे व छापील वेष्टने पहिल्या महिन्यात घेऊ नयेत.

मेणाची निवड

पॅराफिन मेण हे खनिज तेल शुद्ध करताना मिळते. आपल्या देशात आसाममधील दिग्बोई येथील १९०१ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना या मेणासाठी प्रसिद्ध आहे. बाजारात मेण त्याच्या वितळण्याच्या अंशांवरून ओळखले जाते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. तेथे मऊ मेणाच्या उभ्या मेणबत्त्या वाकतात. म्हणून उभ्या मेणबत्तीसाठी ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे मेण मागावे. त्यात शंभर भागांस पाच ते दहा भाग स्टिअरिक आम्ल मिसळले म्हणजे मेणबत्ती अधिक कठीण व दुधाळ रंगाची होते आणि साच्यातून सहज सुटते. पणतीत भरावयाच्या मेणास मात्र याची आवश्यकता नाही.

वात : मेणबत्तीचा प्राण

मेणबत्तीत जळते ते काय, हे नीट समजले म्हणजे वातीचे महत्त्व कळते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लहान मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एकाच विषयावर व्याख्यानमाला दिली होती. ज्योतीच्या उष्णतेने मेण पातळ होते, ते वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात ही विहिरीवरील मोटेसारखी आहे. तिने जेवढे मेण वर आणावे तेवढेच जळावे. वात फार जाड असेल तर मेण गरजेपेक्षा अधिक वर येते, ज्योत उंच होते व काजळी धरते. वात फार बारीक असेल तर वितळलेले मेण तिला झेपत नाही आणि ज्योत त्यात बुडून विझते.

वात शुद्ध सुताची असावी. कृत्रिम धाग्याची भेसळ असलेली वात जळण्याऐवजी वितळून गोळा होते. पिळाच्या सुतापेक्षा वेणीसारखी विणलेली वात चांगली; ती जळताना एका अंगास वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेस जाऊन राख होते आणि काजळीची बोंडे धरत नाहीत. साधे सूत वापरावयाचे झाल्यास एक पेला कोमट पाण्यात दोन चमचे टाकणखार व एक चमचा मीठ विरघळवावे, त्यात सूत रात्रभर भिजत ठेवावे आणि दोन-तीन दिवस पूर्ण वाळवावे. ओलसर वात तडतडते. टाकणखाराचे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

मेण वितळविताना घ्यावयाची काळजी

या धंद्यातील खरा धोका येथेच आहे, म्हणून हा भाग दोनदा वाचावा. मेणाचे भांडे कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी घेऊन त्यात मेणाचे लहान पातेले ठेवावे. पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, त्यामुळे मेणही त्यापुढे जात नाही. थेट विस्तवावर मेण तापतच राहते. दोनशे अंशांच्या आसपास त्याच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात आणि भांडे एकाएकी भडकते.

मेण पेटलेच तर त्यावर पाण्याचा थेंबही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. प्रथम शेगडी बंद करावी, भांड्यावर झाकण सरकवावे आणि ते थंड होईपर्यंत हलवू नये. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. मेण वितळत असताना तेथून उठून जाऊ नये. सैल पदर व नायलॉनसारखे कपडे टाळावेत. मुले दूर ठेवावीत. मोठ्या पातेल्यातील पाणी आटू देऊ नये.

अंगावर गरम मेण सांडल्यास ते ओढून काढू नये. कातडी सोलली जाते. त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि भाजणे मोठे असल्यास दवाखान्यात जावे. उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते थिजून मोरी तुंबते.

पहिली रीत : पणतीत मेण भरणे

नवशिक्यासाठी हीच रीत उत्तम, कारण साचा लागत नाही आणि गावच्या कुंभारासही काम मिळते. पणत्या पूर्ण कोरड्या असाव्यात. मातीत ओल राहिली तर मेणात बुडबुडे येतात. भरण्यापूर्वी त्या उन्हात कोमट कराव्यात. वात आधी पातळ मेणात बुडवून सरळ वाळवावी, म्हणजे ती ताठ उभी राहते. तिच्या बुडाशी पत्र्याची लहान चकती बसवून ती पणतीच्या मध्यभागी ठेवावी. मेण ६५ ते ७० अंशांवर आले की हळूहळू ओतावे. थंड होताना मेण आकसते व वातीभोवती खळगा पडतो. अर्ध्या तासाने थोडे मेण पुन्हा ओतून तो भरावा. मेण घट्ट झाल्यावर वात पाव इंच ठेवून कापावी.

दुसरी रीत : बुडवून करणे

तीन इंच रुंद व आठ इंच उंच असा पत्र्याचा डबा घ्यावा. एक किलोपेक्षा कमी मेणात तो भरतो. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण सुमारे ७० अंशांवर राखावे. काठीवरून वात दुहेरी सोडावी. पहिल्या वेळी वातीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत ती मेणात ठेवावी, बाहेर काढून हलकेच ताणून सरळ करावी. त्यानंतर प्रत्येक वेळी चटकन बुडवून लगेच वर घ्यावी व दोन-तीन मिनिटे निवू द्यावी. पंचवीस-तीस वेळा बुडविल्यावर अंगठ्याएवढी जाडी येते. आधीचा थर वितळू लागला तर मेण फार गरम झाले आहे. गुठळ्या धरू लागल्या तर ते थंड झाले आहे. मेणबत्ती कोमट असताना गुळगुळीत फळीवर लाटली म्हणजे सरळ होते.

तिसरी रीत : साच्यात ओतणे

दोन फाळक्यांचा ॲल्युमिनियमचा साचा मागणी ठरल्यावरच घ्यावा. प्रथम आतून तेलाचा बोळा फिरवावा. तेल साचून राहू नये. खाचांतून वात ताणून गुंडाळावी, फाळके घट्ट आवळावेत आणि मेण ओतावे. खालून मेण गळत नाही हे पाहून साचा गार पाण्यात उभा ठेवावा. वरून पाणी आत जाऊ देऊ नये. दहा-पंधरा मिनिटांनी वाती कापून साचा उघडावा. दोन सेंटिमीटर व्यासाच्या व पंधरा सेंटिमीटर उंचीच्या एका मेणबत्तीस सुमारे ४२ ग्रॅम मेण लागते, म्हणजे एक किलोत बावीस-तेवीस मेणबत्त्या होतात. साचा विकत घेण्यापूर्वी असे गणित अवश्य करावे.

रंग व सुगंध

रंग तेलात विरघळणारा, खास मेणासाठी मिळणारा असावा. रांगोळीची भुकटी किंवा होळीचा रंग मेणात विरघळत नाही; त्याचे कण वातीत अडकून ज्योत मंदावते. सुगंधी तेल मेण विस्तवावरून उतरविल्यावर शंभर भागांस तीन ते पाच भाग घालावे. सुगंध अधिक घातला म्हणजे मेणबत्ती अधिक चांगली होते, हा समज चुकीचा आहे. जास्तीचे तेल मेणातून पाझरते.

मधपाळांच्या मेणाविषयी

ज्यांच्या घरी मधपेट्या आहेत त्यांच्यापाशी मधमाशांचे मेण असतेच. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून या जोडधंद्याकडे अनेकांचे लक्ष वळले आहे. मध काढून उरलेल्या पोळ्यांचे तुकडे पातळ कापडात बांधून पाण्यात मंद विस्तवावर ठेवावेत. मेण पाण्यावर तरंगते व थंड झाल्यावर त्याची वडी निघते. लोखंडी भांड्यात मेण काळवंडते, म्हणून स्टीलचे भांडे वापरावे.

हे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, त्याचा रंग पिवळा व वास गोड असतो. परंतु ते पॅराफिनपेक्षा पुष्कळ महाग असते. मधपेटीतील मेणपत्र्यांसाठी त्याची गरज असते, म्हणून मधपाळाने प्रथम पेट्यांची गरज भागवावी आणि उरलेल्याच मेणाच्या मेणबत्त्या कराव्यात. त्यास पॅराफिनपेक्षा जाड वात लागते आणि ते साच्याला चिकटते. बुडवून करण्याची रीत त्यास अधिक मानवते. त्यात पॅराफिन मिसळून शुद्ध म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. पुण्यास १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या विषयाची माहिती देते.

जाळून पाहिल्यावाचून विकू नये

मेणबत्तीचे रूप गिऱ्हाईक दुकानात पाहते, परंतु तिची परीक्षा त्याच्या घरी होते. म्हणून प्रत्येक नव्या मेणाची, नव्या वातीची व नव्या आकाराची एक मेणबत्ती आपल्या घरी शेवटपर्यंत जाळावी. वारा नसलेल्या जागी ती ताटलीत ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने पाहावे. ज्योत उंच होऊन धूर येत असेल तर वात बारीक करावी. ज्योत बुडत असेल तर वात जाड करावी. मध्ये खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहत असेल तरीही वात जाड करावी. तडतड होत असेल तर ओल शोधावी. पणती खाली किती तापते हेही हात जवळ नेऊन पाहावे आणि गिऱ्हाइकास ती दगडावर किंवा ताटलीतच ठेवण्यास सांगावे; लाकडी चौरंगावर किंवा पडद्याजवळ ठेवू नये.

मेण कोणते, वात कोणती, किती वेळ जळाली, दोष कोणता, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. दहा-बारा नोंदी झाल्या की ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हिशोब : मजुरी विसरू नये

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. एका पणतीत २५ ग्रॅम मेण धरल्यास एक किलोत ४० पणत्या भरतात. मेण १८० रुपये, पणत्या १२० रुपये, वात व चकत्या २० रुपये, सरपण किंवा गॅस २० रुपये आणि बांधणी ४० रुपये धरल्यास एकूण खर्च ३८० रुपये होतो. दोन पणत्या परीक्षेत किंवा तुटून गेल्या तर विक्रीस ३८ उरतात, म्हणजे प्रत्येकीस १० रुपये पडले.

येथेच पुष्कळांचा हिशोब थांबतो आणि १२ रुपयांस विकून प्रत्येकीमागे दोन रुपये सुटले असे समाधान मानले जाते. परंतु तीन तासांचे काम कोणी केले? त्या दोन रुपयांचे एकूण ७६ रुपये होतात, म्हणजे तासास पंचवीस रुपये. घरच्या बाईने तासास पन्नास रुपयांची मजुरी धरली तर एकूण खर्च ५३० रुपये होतो आणि एक पणती सुमारे १४ रुपयांस पडते. त्याखाली विकणे म्हणजे स्वतःच्या मजुरीतून गिऱ्हाइकास सूट देणे होय. घरच्या श्रमास मोल नाही असे मानूनच अनेक गृहोद्योग चालू दिसतात आणि अखेर बंद पडतात.

कामाचे वेळापत्रक

दिवाळी आणि भाताची सुगी बहुधा एकाच सुमारास येते. त्या वेळी माल करावयास बसणे शक्य होत नाही. म्हणून श्रावणात जाळून पाहण्याचे प्रयोग पूर्ण करावेत, नमुने घेऊन दुकानदार व बचत गटांकडे जावे, आणि मागणीप्रमाणे भाद्रपद-आश्विनात माल करावा. पावसाळ्यात पणत्या व वाती ओल धरतात. त्या चुलीजवळच्या कोरड्या जागी ठेवाव्यात, परंतु मेण मात्र चुलीपासून दूर ठेवावे. तयार माल पत्र्याच्या छपराखाली न ठेवता घरातील थंड कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवावा.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामकार्यकर्त्यांनी मेणबत्तीचे शिक्षण देताना केवळ ओतण्याची कृती दाखवून थांबू नये. मेण पेटल्यास काय करावे हे झाकण हातात घेऊन करून दाखवावे. पाच-सहा घरांनी मिळून मेण आणल्यास ते घाऊक भावाने मिळते, म्हणून बचत गटास एकत्र खरेदीची सवय लावावी. कर्जाची माहिती विचारणाऱ्यास जिल्हा उद्योग केंद्राकडे अवश्य पाठवावे, परंतु तत्पूर्वी त्याची नोंदवही पाहावी. एका सणाचा माल विकून पैसे वसूल झाले आहेत आणि वहीत मजुरी धरलेली आहे, असे दिसल्यासच साच्याचा विचार करण्यास सांगावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण या धंद्यास तंतोतंत लागू पडते. एक किलो मेण संपेपर्यंत हाताला वळण लागते, वहीत चार आकडे जमा होतात आणि आपला माल किती वेळ व कसा जळतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. दुसरा किलो मेण पहिल्याच्या विक्रीतून आणता आला, तर धंदा योग्य वाटेने चालला आहे असे समजावे.